पहिली फळी वाकवण्याआधी

माझं पहिलं जहाज चार वर्षं माळ्यावर होतं. तीन डोलकाठ्या, दोन मजल्यांवर तोफा आणि खोक्यावर असं देखणं चित्र की दुकानातून निघताना मी स्वतःला आरमारी अधिकारीच समजत होतो. सांगाडा उभा केला. डाव्या बाजूला एकापाठोपाठ नऊ फळ्या चिकटवल्या, दहावी काही केल्या बसेना. उजवीकडे सुरुवात करायला गेलो तर अख्खा सांगाडा केळ्यासारखा वाकलेला. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी ते खोकं वर टाकलं, तेव्हा मी ब्रसुद्धा काढला नाही.

त्यानंतर दीड वीत लांबीची एक साधी मासेमारी होडी बांधली. ती पूर्ण झाली आणि मग हा नाद लागला तो लागलाच. लाकडी शिडाच्या जहाजांची मॉडेलं बांधायला नव्याने बसणाऱ्यांसाठी, तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

कुठलं जहाज घ्यायचं

मराठी माणसाने जहाज बांधायचं म्हटलं की मनात दोन नावं येतात. एक ‘ट्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. तिच्या नकाशांची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडहून मुंबईला निघालेले मूळ नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजावर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाचा पराभव केला, नकाशे गेले आणि मुंबईसाठी ते पुन्हा पाठवावे लागले. ती कॉन्स्टिट्यूशनही बॉस्टनला अजून तरंगते आहे आणि मॉडेलवाले दोन्ही जहाजं सारख्याच प्रेमाने बांधतात.

दुसरं नाव गुराबेचं, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातल्या लढाऊ जहाजाचं. त्याबद्दल पुढे.

दोन्ही आत्ता नकोत. कारण हिशोबात आहे. ट्रिंकोमालीच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे जवळपास ४६ मीटर. १:४८ या प्रमाणात ती ९५ सेंटिमीटर होते, १:६४ मध्ये ७२ आणि १:९६ मध्ये ४८. ही फक्त मजल्याची लांबी. पुढे झेपावलेली बोस्प्रिटची काठी धरली तर १:४८ चं मॉडेल सव्वा मीटरच्या पुढे जातं. दोन खोल्यांच्या घरात ते ठेवायचं कुठे? आणि प्रमाण लहान केलं तर खलाशांच्या चढायच्या शिडीच्या दोऱ्या चार-चार मिलिमीटरवर येतात, त्या बांधताना डोळे जातात. त्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर तीच गाठ शेकड्यांनी मारायची असते.

म्हणून पहिलं मॉडेल एका डोलकाठीचं घ्या, किंवा बिनडोलाची होडी घ्या. मॉडेल शिपवेज या अमेरिकन कंपनीची नवशिक्यांसाठी तीन बोटींची मालिका आहे: कॉड मासा पकडणाऱ्यांची सपाट तळाची डोरी, मग नॉर्वेची छोटी प्रॅम आणि शेवटी अमेरिकेतल्या मस्कोंगस बे इथली शेवंड पकडायची शिडाची बोट. तिन्ही चढत्या अवघडपणाच्या आहेत. पहिल्या दोन्हींत फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढतात. तिसरीत त्या कडेला कड लावून बसतात आणि मोठ्या जहाजांची पद्धत तीच. स्पेनच्या ऑक्रे आणि आर्टेसानिया लॅटिना, इटलीची अमाटी याही कंपन्यांचे नवशिक्यांसाठी संच आहेत. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रक्कम बरीच फुगते, ते आधीच धरून चाला.

संच घ्यायचा की सगळं स्वतः करायचं, यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत सरळ आहे: पहिला संचच घ्या. लाकडाच्या पट्ट्या एकसारख्या जाडीच्या कापणं हे वेगळंच कसब आहे आणि दोन कसबं एकदम शिकायला गेलं की दोन्ही अर्धी राहतात.

नकाशा आठवडाभर नुसता बघा

जहाजाचा नकाशा तीन बाजूंनी काढलेला असतो. बाजूने दिसणारं जहाज, वरून दिसणारं अर्धं जहाज आणि समोरून-मागून घेतलेले आडवे छेद. अर्धंच का, तर दुसरं अर्धं तसंच असतं म्हणून. छेदांच्या चित्रात मधल्या रेषेच्या उजवीकडे पुढच्या अर्ध्या जहाजाचे छेद असतात आणि डावीकडे मागच्या अर्ध्याचे. हे कळलं नाही तर ते चित्र कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं. कळलं की तेच सगळ्यात जास्त बोलतं.

संचासोबतची सूचनापुस्तिका शेवटपर्यंत वाचा. बऱ्याच पुस्तिकांत ‘आता फळ्या लावा’ एवढं एकच वाक्य असतं आणि दोन महिन्यांचं काम त्या वाक्यात दडलेलं असतं.

हत्यारं आणि लाकूड

सुरुवातीला फार काही लागत नाही. टोकदार पात्याची सुरी आणि भरपूर जादा पाती, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, दोन-तीन बारीक कानशी, चिमटा, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल. पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचे घ्या. ते हातात धरून वापरू नका, सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवून वापरा. कपड्यांचे चिमटे आणि ऑफिसातल्या काळ्या क्लिपा मात्र डझनावारी लागतात. विजेची यंत्रं पहिल्या दोन मॉडेलांपर्यंत विसरा.

परदेशी संचांत आतल्या फळ्यांना बासवुड किंवा लाइमवुड असतं आणि बाहेरच्या पातळ थराला अक्रोड. आपल्याकडे एखादी फळी मोडली आणि तेच लाकूड मिळालं नाही तर शेवण चालतं. हलकं असतं, सरळ रेघेचं मिळतं, सुरीला बरं. बारीक कोरीव कामाला हेदू, ज्याला हळदू म्हणतात, उत्तम. पिवळसर आणि दाणा इतका बारीक की धार दबत नाही. सागवानाचा मोह आवरा. खऱ्या जहाजाला साग राजा आहे, पण त्याच्या रेघा जाड असतात. १:६४ च्या मॉडेलवर ती एक रेघ खऱ्या जहाजाच्या मानाने मनगटाएवढी दिसते. बाल्सा फळ्यांसाठी नको, पोकळ्या भरायला ठेवा. आणि अक्रोड, शिसम यांची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

सांगाडा

बहुतेक संचांत जहाजाच्या मध्यातून उभी प्लायची एक पाटी जाते आणि तिच्या खाचांत आडव्या चौकटी बसतात. या चौकटींना मॉडेलवाले बल्कहेड म्हणतात. उभ्या पाटीच्या खालच्या कडेला जो लाकडी कणा लागतो, त्याला कोकणातले होडी बांधणारे पठाण म्हणतात.

पाटी खोक्यातून काढल्याबरोबर काचेवर आडवी ठेवून बघा. वाकडी असेल तर फेविकॉलचा थेंबही टाकू नका. तिला ओलसर करून दोन काचांमध्ये वजनाखाली दोन दिवस दाबा. प्रत्येक चौकट लावताना गुण्या लावून काटकोन तपासा आणि एका चौकटीचं फेविकॉल पुरतं वाळल्यावरच पुढची घ्या. माझ्या केळ्याचं निम्मं मूळ इथे होतं. उरलेलं निम्मं एकाच बाजूने नऊ फळ्या लावण्यात.

नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, आणि मागच्या टोकाच्या दोन-दोन चौकटींमध्ये बाल्साचे ठोकळे भरा. फळी तिथे सर्वांत जास्त वळते आणि नुसत्या प्लायच्या धारेवर तिला टेकायला जागा पुरत नाही.

कडा तासणं: इथे घाई केली की पुढे काहीच बसत नाही

चौकटीची कड कारखान्यातून सरळ, चौकोनी कापून येते. पण जहाज पुढे आणि मागे निमुळतं होत जातं, त्यामुळे फळी त्या कडेवरून तिरकी जाते आणि फक्त एका टोकावर टेकते. म्हणून प्रत्येक कडेला उतार द्यावा लागतो, म्हणजे फळी पूर्ण रुंदीवर टेकेल. मधल्या चौकटींना जवळपास काहीच काढावं लागत नाही, नाळेकडच्यांना बरंच.

एक लवचीक पट्टी घ्या, दीड मिलिमीटर जाडीची, आणि ती कमीत कमी चार-पाच चौकटींवरून जाईल अशी बोटांनी धरा. उजेडासमोर बघा. कुठे फट दिसते, कुठे पट्टी उडी मारते? उडी मारते तिथली चौकट उंच आहे, ती तासा. फट आहे तिथली खोल आहे, तिच्यावर पातळ चिपाटी चिकटवून पुन्हा तासा. पट्टी वर, मध्ये, खाली सगळीकडे फिरवा. पॉलिश पेपरचा ठोकळा लांब ठेवा, एकाच वेळी तीन चौकटींवर फिरेल इतका. छोट्या ठोकळ्याने प्रत्येक चौकटीला वेगळा खड्डा पडतो.

याला मला एका छोट्या बोटीसाठी चार रविवार लागले. त्या चार रविवारांत दाखवण्यासारखं काहीच होत नाही. घरातले विचारतात, ‘अजून तेच?’ विचारू द्या.

फळ्या

आधी मोजणी. सगळ्यात रुंद मधल्या चौकटीवर, डेकपासून पठाणापर्यंत, कागदाची पट्टी कडेवर दाबून लांबी मोजा. समजा ती ९० मिलिमीटर आली आणि फळी ५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे १८ फळ्या. आता नाळेपाशी मोजा. तिथे ५४ आले तर त्याच १८ फळ्या ५४ मध्ये मावायला हव्यात, म्हणजे प्रत्येक फळी पुढच्या टोकाला ३ मिलिमीटर. मागच्या टोकाला उलट होऊ शकतं: ९९ आले तर १८ फळ्यांचे ९० होतात, ९ कमी पडतात. तिथे मध्ये पाचरीसारखे तुकडे घालायचे. खऱ्या जहाजांतही असंच करत. फळी तिच्या रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करायची नाही, एवढा नियम पाळा. तशी वेळ आलीच तर नाळेकडे दोन फळ्यांची एक करायची.

दर चौकटीवर ही विभागणी पेन्सिलने आखून घ्या. आखल्याशिवाय फळ्या लावणं म्हणजे मोजमाप न घेता सदरा शिवणं.

सुरुवात डेकच्या जरा खालून करा. तीन-चार फळ्या वरून, मग पठाणालगतची पहिली फळी, मग पुन्हा वर. आणि प्रत्येक वेळी एक डावीकडे, एक उजवीकडे. एका बाजूला दोन फळ्या जास्त झाल्या तरी वाळणारं लाकूड सांगाड्याला आपल्याकडे ओढतं.

वाकवण्यासाठी फळी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग स्टीलच्या तांब्याच्या पोटाला गुंडाळून रबर लावा आणि रात्रभर वाळू द्या. ओली फळी तशीच चिकटवली तर वाळताना रुंदीत आकसते आणि सकाळी प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट दिसते. घाई असेल तर ओल्या फळीवरून जुन्या हेअर स्ट्रेटनरचं गरम टोक हळूहळू फिरवत वळवता येतं. फळी चपट्या बाजूने सहज वळते, रुंदीच्या दिशेने वळत नाही. जबरदस्ती केली तर एक कड वर उचलते आणि कौलासारखी राहते. म्हणूनच आधी मोजून निमुळती करायची. नीट निमुळती केलेली फळी चिमट्याशिवायही जवळपास जागेवर बसते. तशी बसत नसेल तर ती चुकली आहे. फेविकॉलने चूक चिकटते, सुधारत नाही.

फेविकॉल की फेविक्विक? फळीच्या कडेला आणि चौकटीवर फेविकॉल. टोकाला पटकन धरून ठेवायला फेविक्विकचा एक थेंब. बाहेरच्या अक्रोडाच्या थरावर मात्र फेविक्विक बाहेर येऊ देऊ नका. डाग पडतो, त्या जागी तेल मुरत नाही आणि वर्षानुवर्षं चकाकत राहतो.

पावसाळ्याचंही सांगून ठेवतो. जुलैत कोकणात लाकूड ओल घेऊन फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेल्या फळ्या मार्च-एप्रिलमध्ये उघडतात. लाकूड आठवडाभर घरातच मोकळं ठेवा आणि जमल्यास फळ्यांचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात दोर वळा, तोफांची चाकं करा.

आतला थर पूर्ण झाला की फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची वेळ येते. बाजारातली चालते, पण त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरली तर रंगात मिसळते. वाळल्यावर १२० ने सुरू करून २४० पर्यंत घासा, मग डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो. दुसरा थर अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो खालचं काहीही झाकत नाही.

डेक आणि डोलकाठी

डेकच्या फळ्या अरुंद लागतात. १:६४ मध्ये ३ ते ४ मिलिमीटर रुंद आणि साधारण १० सेंटिमीटर लांब, कारण खऱ्या फळ्या वीस-पंचवीस फुटांच्या असत. दोन फळ्यांमधली काळी डांबराची रेघ दाखवायला फळीच्या कडेवर टूबी पेन्सिल ओढा. मार्कर वापरला तर शाई लाकडात पसरते. सांधे शेजारी-शेजारी येऊ देऊ नका.

डोलकाठीसाठी गोल काठी विकत घेण्यापेक्षा सरळ रेघेची चौकोनी काठी घ्या. आधी चार कोपरे तासून अष्टकोन, मग सोळा बाजू, मग गोल. एक टोक ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरच्या घडीत फिरवलं की वरच्या टोकाकडे छान निमुळती होते. आडव्या काठ्या, म्हणजे परबाणं, मधून जाड आणि दोन्ही टोकांना बारीक. बांबूची कामटी यासाठी मला लाकडापेक्षा आवडते, मोडत नाही.

दोरकाम

इथे लोक घाबरतात. खरं तर अवघड गाठ एकच आहे आणि ती तुम्हाला पहिल्या तासात येते. अवघड आहे ते शेवटपर्यंत एकसारखं राहणं.

जहाजावर दोन प्रकारचे दोर असतात. डोलकाठीला उभी धरणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडं ओढायचे हलते दोर फिक्या, काथ्यासारख्या रंगाचे. जाडीचा हिशोब करा: जुन्या नोंदींत दोराचा घेर देतात, व्यास नाही. सहा इंच घेराचा दोर म्हणजे १५२ मिलिमीटर घेर, भागिले ३.१४ म्हणजे सुमारे ४८ मिलिमीटर व्यास. १:६४ मध्ये पाऊण मिलिमीटर. हा हिशोब न करता सगळीकडे एकच दोरा वापरला की मॉडेल लांबूनही खेळण्यासारखं दिसतं. सुती दोऱ्याला लव असते, ती मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढली की बसते.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणारे दोर जोडीजोडीने लागतात. पहिली जोडी उजवीकडची, सर्वांत पुढची. मग डावीकडची पहिली. असं आलटून पालटून. तोच नियम, फळ्यांचा. त्यांच्या खालच्या टोकाला तीन भोकांच्या लाकडी चकत्या असतात. त्या सगळ्या एका उंचीवर याव्यात म्हणून तारेचा छोटा साचा वाकवून घ्या.

मग खलाशांच्या चढायच्या आडव्या पायऱ्या. खऱ्या जहाजावर १३ ते १५ इंचांवर, म्हणजे १:६४ मध्ये पाच-सहा मिलिमीटरवर. मागे आखलेला कागद लावा. एकेक पायरी वरून खाली बांधत गेलात तर ताण वाढत जातो, बाजूचे दोर आत ओढले जातात आणि शिडीचा डमरू होतो. आधी दर पाचवी पायरी सैलसर बांधा, मग मधल्या भरा. दिवसाला दहापेक्षा जास्त बांधू नका, मान धरते.

शिडं लावायची का? माझं मत, पहिल्या मॉडेलला नको. साधं सुती कापड या प्रमाणात ताडपत्रीएवढं जाड दिसतं. लावायचीच तर पातळ रेशीम किंवा टिश्यू घेऊन गुंडाळलेली दाखवा.

मग गुराब

तीन-चार बोटी झाल्या की गुराबेकडे वळायला हरकत नाही. मुंबईच्या गोदीतल्या जहाजांसारखे मोजून काढलेले नकाशे तिच्यासाठी मिळत नाहीत, पण अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी केलेली वर्णनं आहेत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, पुढे भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गलबतांसारखी लांब निघालेली चोच आणि त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. आपलं गलबत लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मोठ्या डोलावर एक भलंमोठं त्रिकोणी शीड. एवढ्यावरून मॉडेल बांधताना निम्मं तुमच्या तर्कावर असतं. तर्क कुठे केला ते वहीत लिहून ठेवा. कुणी विचारलं तर ‘असंच होतं’ म्हणण्यापेक्षा ‘असं असावं, कारण...’ म्हणता आलं पाहिजे. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांची ‘कौंडिण्य’ ही भारतीय नौदलाची नौका बांधली, तेव्हाही मूळ नकाशा नव्हताच.

पेटी

धूळ दोरकामाचा शत्रू आहे. एकदा बसली की निघत नाही. काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी करा. ती हवाबंद करू नका. संचातल्या तोफा, नांगर शिशाच्या मिश्रणाचे असतील तर कोंडलेल्या हवेत लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि तोफा झिजत जातात. एमडीएफचं तळ तर या बाबतीत फारच वाईट. मागच्या बाजूला खाली दोन आणि वर दोन भोकं पाडा, त्यांना बारीक जाळी लावा. पेटी थेट उन्हाच्या खिडकीत नको.

आणि सुताराला माप देताना डेकची लांबी देऊ नका, बोस्प्रिटच्या टोकापासून मागच्या बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकापर्यंत मोजून द्या, वर दोन्हीकडे चार-चार बोटं सोडा. माझी पहिली पेटी अकरा सेंटिमीटरने आखूड आली होती. तिच्यात आता पाती, क्लिपा आणि मेणाचा गोळा असतो.